पार्सलमध्ये काय आहे

मी काय विकते हे मला आमच्या गल्लीत अजूनही नीट सांगता येत नाही. कोणी विचारलंच तर मी "शिवणकाम" म्हणते आणि लोक समजतात ब्लाऊज. ब्लाऊज मी शिवायचेच. अमरावतीला गाडगेनगरात आमच्या भाड्याच्या घराच्या पुढच्या खोलीत मशीन होती, दारावर छोटीशी पाटी होती, आणि लग्नसराईत मला जेवायला फुरसत मिळत नसे. आता ती पाटी नाही. ज्यांचा लघवीवर ताबा राहिलेला नाही अशा म्हाताऱ्या माणसांसाठी मी सुती चड्ड्या शिवते, धुऊन पुन्हा वापरता येतील अशा, आणि इंटरनेटवरून विकते. हे वाक्य लिहिता आलं. बोलायला गेलं की अजून तोंडून "शिवणकाम"च निघतं.

पहिलं पार्सल घेऊन कुरिअरच्या ऑफिसात गेले तेव्हा काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "आत काय आहे? लिवा लागते."

"कपडे."

"कोनते? लेडीज का जेन्ट्स?"

"जेन्ट्स," मी म्हटलं, आणि मागून आवाज आला, "अगंबाई, जेन्ट्सचं पण शिवता का आता तुम्ही?" माझ्या मुलीच्या वर्गशिक्षिका रांगेत उभ्या होत्या. मी घाबरून "हो, कुर्ते" म्हणून गेले. त्या खूश झाल्या. दुसऱ्याच दिवशी मिस्टरांच्या मापाचा एक जुना कुर्ता आणि नवं कापड घेऊन घरी हजर. आयुष्यात कधी पुरुषाचा कुर्ता शिवला नव्हता. तीनदा कॉलर उसवली, तरी ती एका बाजूला कललेलीच राहिली. मिस्टर तो कुर्ता घालून शाळेच्या कार्यक्रमाला आले तेव्हा मी खांबाआड उभी राहिले. एका शब्दाची लाज वाटली म्हणून एका भल्या माणसाला वाकडी कॉलर घालून फिरावं लागलं.

हे सगळं सुरू झालं ते बाबांमुळे.

माझे बाबा अकोल्याला जुन्या शहरात राहतात. शाळेत ते पी.टी.चे सर होते. पांढरी पॅन्ट, पांढरा शर्ट, दोन्ही स्वतः इस्त्री केलेले. निवृत्त झाल्यावरही तोच वेष. रविवारी विहारात वंदनेला जाताना तर ते असे निघायचे की आई म्हणायची, "नवरदेव निघाला." प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर त्यांचं बाहेर जाणं हळूहळू कमी झालं. मी फोन केला की "बरा आहे, ऊन फार आहे" एवढंच. वंदनेला जात नाहीत, कट्ट्यावर जात नाहीत, हे मला आईकडून कळायचं. वय झालं, असं मी मनाशी म्हणायचे.

मग एका उन्हाळ्यात आईचा फोन आला. बाबा भाजी आणायला गेले होते आणि बाजारातच चक्कर येऊन पडले. लोकांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं. मी अमरावतीहून निघाले ती थेट तिथे पोचले. सलाईन चालू होतं. डॉक्टर माझ्यासमोरच त्यांना रागवत होते, "सर, अकोल्याच्या उन्हात पाणी पीत नाही म्हणजे काय?" बाबा छताकडे पाहत होते.

आईने मला बाहेर व्हरांड्यात नेलं आणि पदर तोंडाशी धरून म्हणाली, "थेंब थेंब गळते त्याहिले. म्हनून पानीच पीत नाहीत. कोनाले सांगू नको म्हने."

कपडे बदलायची वेळ आली तेव्हा आई घरी गेलेली होती. वॉर्डबॉय मिळेना. मीच पडदा ओढला. बाबांनी तोंड भिंतीकडे वळवलं. पॅन्टच्या आत त्यांनी आईच्या जुन्या लुगड्याच्या घड्या घातल्या होत्या, घड्यांच्या खाली दुधाच्या पिशव्या कापून लावलेल्या होत्या, आणि ते सगळं पांढऱ्या दोऱ्याने मोठमोठे टाके घालून शिवलं होतं. कमरेला नाडी होती. नाडीसुद्धा शिवलेली. बाबांना सुई धरता येते हे मला माहीत नव्हतं. माझी मशीन आमच्या घरी रोज खडखडत होती, आणि अकोल्याला दार लावून माझे बाबा दुधाच्या पिशव्या शिवत बसले होते. ते टाके पाहून मला जे वाटलं त्याला दुःख म्हणता येणार नाही. लाजच होती ती. फक्त त्यांची होती की माझी, ते मला तेव्हा कळलं नाही.

दुकानात मिळतात ते डायपर आणून पाहिले. मांड्यांना पुरळ उठलं. शिवाय चालताना त्यांचा आवाज येतो, असं बाबांचं म्हणणं होतं. ते अर्थात आईकडून कळलं, कारण बाबा या विषयावर माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. मी जुन्या बनियनचा मऊ कपडा, टॉवेलचा कपडा आणि सुरतहून मागवलेला एक पातळ, पाणी न झिरपणारा कपडा असे थर लावून पहिली चड्डी शिवली. बाहेरून पांढरी. साध्या चड्डीसारखीच दिसेल अशी. एसटीने अकोल्याला जाणाऱ्या एका ओळखीच्या बाईंच्या हाती पाठवली.

चार-पाच दिवसांनी आईचा फोन. "ते म्हनून राहिले, डावीकडून चावते."

"कुठे चावते आई? कमरेत की मांडीत?"

मागे बाबांच्या खाकरण्याचा आवाज. मग आई म्हणाली, "मांडीत."

असं ते चाललं. आई मधे दुभाष्यासारखी. "ते म्हनून राहिले वाळत नाही लवकर." "ते म्हनून राहिले नाडी नको, इलास्टिक लाव." मी कापायचे, उसवायचे, पुन्हा शिवायचे. एक दिवस आई म्हणाली, "आज वंदनेले गेल्ते," आणि पुढे ती आमच्या शेजारणीच्या सुनेबद्दल बोलायला लागली. मी फोन ठेवून मशीनवर डोकं टेकवून बसले.

धंदा करायचं डोक्यात आलं ते त्यानंतर. आईच्या ओळखीतल्या एका बाईंनी त्यांच्या सासूसाठी मागितली. त्यांच्या बहिणीने मागितली. सगळ्या हळू आवाजात मागायच्या, जणू मी दारू गाळत होते. मग मला वाटलं, दुकानात जाऊन मागायची ज्यांना लाज वाटते त्यांनी मोबाइलवरून मागवावी. कोणाला तोंड दाखवायला नको.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो जेवत होता. तो एका खासगी कॉलेजात लॅब असिस्टंट आहे, भातकुलीकडच्या खेड्यातला, सरळ माणूस. त्याने घास तसाच धरून ठेवला. "कुर्ते वीक ना. लहान पोरायचे कपडे वीक. कॉलेजात कोनी विचारलं तं काय सांगू मी, बायको काय विकते म्हनून?"

"शिवणकाम सांग."

"तूच लाजून राहिली सांगाले," तो म्हणाला. आणि ते खरंच होतं. तरी पुढच्या रविवारी त्यानेच खिडकीशी पांढरी चादर टांगून फोटो काढले, त्यानेच भाच्याला विचारून विचारून वेबसाइट उभी केली. फक्त फोटो काढताना दार आतून लावून घेतलं.

वेबसाइटवर काय लिहायचं यावर मी फार दिवस अडले. इतरांच्या पानांवर म्हातारा-म्हातारी दोघं बागेत हसत असायची, आणि खाली "शंभर टक्के सुरक्षित, गळतीची चिंता विसरा". मला माहीत होतं की गळते. थोडी असेल तर अडते, जास्त असेल तर नाही. मी तसंच लिहिलं. "हा कपडा रात्रभर पुरत नाही. दोन-तीन तासांनी बदलावा लागतो. त्रास अचानक सुरू झाला असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, मग मागवा." सर्वांत वर एकच ओळ टाकली: "मी हे माझ्या घरच्या माणसासाठी शिवायला सुरुवात केली." बाबा लिहिलं नाही, वडील लिहिलं नाही. पण ती ओळ खरी होती आणि मला ती तिथे हवी होती. ती वाचूनच लोक फोन करायचे. नागपूरची एक बाई पंधरा मिनिटं नुसती रडली आणि मग म्हणाली, "तुमच्या घरी पण आहे ना, म्हणून बोलते."

मधे एका मुलाचा फोन आला होता. पन्नास चांगले अभिप्राय लिहून देतो म्हणाला, नावं-गावांसकट. मी नाही म्हटलं. पण लगेच नाही. "विचार करून सांगते" असं आधी म्हटलं, आणि संध्याकाळी स्वयंपाक करताना ते शब्द मला सारखे ऐकू येत राहिले. सकाळी फोन करून नको म्हणून सांगितलं.

खऱ्या गिऱ्हाइकांनीही मला खाली मान घालायला लावली. एकाने लिहिलं की इलास्टिकने त्याच्या वडिलांची कातडी सोलली गेली. त्याने फोटोही पाठवला होता. तो फोटो पाहून मी दोन दिवस मशीनला हात लावला नाही. मग वेबसाइटवरून ती चड्डी काढली, ज्यांनी ज्यांनी घेतली होती त्या सगळ्यांना फोन करून "वापरू नका, दुसरी पाठवते" म्हणून सांगितलं. प्रत्येक फोनवर तेच सांगताना कान गरम व्हायचे.

तोवर अकोल्याच्या नातेवाइकांना काही माहीत नव्हतं. आणि मग आतेबहिणीचा साखरपुडा आला.

कपडा धुवायचा कसा, हे दाखवणारा एक छोटा व्हिडिओ मी टाकला होता. त्यात फक्त माझे हात होते आणि आवाज. पण माझ्या आतेभावाने आवाज ओळखला. हा मोठा हसरा, मोकळा माणूस. बांधकामाची कंत्राटं घेतो. मनात काही ठेवत नाही, आणि दुसऱ्याच्या मनात काही असेल असंही त्याला वाटत नाही. हॉलमध्ये जेवणं चालू होती. बाबा ताट घेऊन पाहुण्यांमध्ये उभे होते, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, खूप दिवसांनी लोकांत आलेले, आणि चार जण त्यांना "जयभीम सर" म्हणून पाया पडून गेलेले.

"काय वो ताई," आतेभाऊ लांबूनच हसत आला, "म्हाताऱ्यायच्या चड्ड्या विकून राहिली म्हने तू? पाह्यला मी व्हिडिओ! एक नंबर!" आजूबाजूचे हसले. वाईट हसणं नव्हतं ते. तेवढ्यात तो बाबांकडे वळला. "काय मामा, ट्रायल तुमच्यावरच घेते का हे?"

बाबांच्या हातातलं ताट हललं नाही. ते म्हणाले, "आपल्या घरी नाही बा कोनाले गरज. तिच्या शेजारी एक म्हातारा आहे, त्याच्यासाठी शिवलं तिनं."

"हो," मी म्हणाले. "शेजारचे काका आहेत."

इथे संपायला हवं होतं. पण आतेभावाने मोबाइल काढला होता. त्याला खरं तर माझं कौतुकच करायचं होतं, सगळ्यांना वेबसाइट दाखवायची होती. त्याने मोठ्याने वाचलं, "मी हे माझ्या घरच्या माणसासाठी शिवायला सुरुवात केली." आणि मान वर करून निरागसपणे विचारलं, "घरचा मानूस? म्हंजे कोन?"

सगळे माझ्याकडे बघत होते. बाबा नव्हते बघत. ते ताटातल्या जिलबीकडे बघत होते.

"अरे, ते तसंच लिहावं लागते," मी हसून म्हणाले. "घरचं म्हटलं की लोकायले भरोसा वाटते."

"हा, बराबर," आतेभाऊ म्हणाला. "शेवटी धंदा आहे बा!" आणि मोबाइल खिशात टाकून तो दुसऱ्या घोळक्याकडे गेला.

माझ्या सगळ्या धंद्यात जी एक ओळ मी पूर्ण मनाने लिहिली होती ती मी चारचौघांत खोटी ठरवली. बाबांना वाचवायचं होतं, तेव्हा दुसरं काही सुचलंही नसतं. पण माझ्या पाठीमागे जी काकू उभी होती तिने शेजारणीला हळूच सांगितलेलं मी ऐकलं, "आजकाल सगळे असंच लिहितात." नागपूरच्या बाईचं रडणं मला आठवलं. ती तिथे असती तर तिने काय ऐकलं असतं?

बाबा त्यानंतर जेवले नाहीत. ताट ठेवून दिलं आणि आईला "चाल" म्हणाले. मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले. रिक्षात बसताना त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलणार असं वाटलं, आणि मग रिक्षावाल्याला पत्ता सांगितला.

अमरावतीला परत आल्यावर मी ती ओळ काढून टाकली. नवरा म्हणाला, "काहून काढली? खरी होती ना." मी म्हटलं, "म्हणूनच." त्याला ते पटलं नाही. ओळ गेल्यावर पान उघडंबोडकं दिसायला लागलं. ऑर्डरी येत होत्या. मी त्या पूर्ण करत होते. पण फोनवर कोणी "तुमच्या घरी कोणाला आहे का हो?" विचारलं की मी "नाही, असंच" म्हणायचे, आणि पलीकडचं माणूस थोडं मागे सरकल्यासारखं बोलायला लागायचं.

अकोल्याहून आई बोलायची. "ते म्हनून राहिले" आता येत नव्हतं. ते वापरतात की नाही, हे विचारायची हिंमत मला झाली नाही.

पावसाळा संपत आला असताना एक दिवस दुपारी बाबांचा स्वतःचा फोन आला. बाबा कधी आपणहून फोन करत नाहीत. मला वाटलं आईला काहीतरी झालं.

"ते वाक्य काहून काढलं?" त्यांनी विचारलं. नमस्कार नाही, काही नाही.

"कोणतं वाक्य?"

"तुले माहीत आहे कोनतं." मग थांबून म्हणाले, "मी वाचत असतो तुझं ते. रोज नाही. वाचत असतो."

मी म्हणाले, "तुमच्यासाठी काढलं, बाबा."

"हं. त्या दिवशी मी खोटं बोललो म्हनून तुलेही बोला लागलं. मले समजलं ते." आणि मग एकदम दुसऱ्याच आवाजात, "माझा एक मित्र आहे कट्ट्यावरचा. त्याले पाहिजे."

मला मनातून वाटलं, मित्र वगैरे कोणी नाही. लाजेने आणलेला मित्र आहे. मी "बरं" म्हणाले आणि बाबांच्याच मापाच्या काढून ठेवायला लागले. "साइज कोणती देऊ?" विचारलं तर म्हणाले, "मोठा मानूस आहे. भारी पोट आहे. तू ये, माप घे." बाबा तर वाळलेल्या काठीसारखे. तेव्हा मला कळलं की मित्र खरा आहे, आणि त्यांना खोटं ठरवण्याची मला किती घाई झाली होती. त्याचीही मला लाज वाटली. ती मी कोणालाच सांगितली नाही.

रविवारी मी गेले. बाबा मला घेऊन निघाले. मोर्णा नदीच्या पुलावरून आम्ही चालत गेलो, ते पुढे, मी मागे. मित्राचं घर पलीकडच्या बाजूला होतं. निवृत्त पोस्टमन. दारात उभे होते ते आम्हाला बघून आत वळले, आणि त्यांच्या बायकोने मला पुढच्या खोलीत बसवलं. मी पिशवीतून टेप काढला. मित्र टेपकडे बघून खुर्चीवरून उठेनात. बाबांनी हात पुढे केला.

"दे इकडे."

त्यांनी टेप घेतला, मित्राला "चाल बे" म्हणाले, आणि आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं. मी आणि मित्राची बायको बाहेर बसलो. तिने चहा दिला. आतून बाबांचा आवाज आला, "सरळ उभा राह्य." मग कुजबुज. मग बाबा म्हणाले, "अरे, काही नाही त्यात. मी दोन वर्षापासून घालून राहिलो. माझ्याच पोरीनं शिवली. तुले दिसते का काही? नाही ना? मंग."

मित्राची बायको माझ्याकडे बघत होती. मी बशीकडे बघत होते. तिला काय वाटलं मला माहीत नाही. माझा चेहरा पेटला होता आणि तरी मला तिथून उठावंसं वाटत नव्हतं.

दारातून बाबांनी मापं सांगितली आणि मी तळहातावर पेनाने लिहून घेतली. कंबर, मांडी, उंची. पी.टी.च्या सरांसारखी, एकेक शब्द सुटा.

परतताना बाबा पुलावर थांबले. खाली नदीत फार पाणी नव्हतं, म्हशी बसल्या होत्या. ते कठड्याला टेकले.

"त्याच्याकडून पैसे घेजो," ते म्हणाले. "फुकट देशीन तं तो माझ्यासंगं कट्ट्यावर बसनार नाही."

"घेईन."

"आन् ते वाक्य लाव परत. बाप नको लिहू. घरचा मानूसच राहू दे."

मी मान हलवली. आणखी काही बोलावं असं मला वाटत होतं, हॉलमधल्या त्या दिवसाबद्दल. पण बाबा चालायला लागले होते.

ती ओळ मी घरी जाऊन परत लावली. आतेभाऊ अजून भेटला की "काय, धंदा कसा आहे?" विचारतो, आणि त्याच्या लेखी ती ओळ मी जोडलेली थापच आहे. त्याला मी काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तो हसतो तेव्हा मीही हसते. त्यानंतर बराच वेळ माझं कशात लक्ष लागत नाही.